बीएमआय घरच्या घरी कसा काढायचा, आणि ॲपमधला हिरवा रंग बघून लगेच खूश का व्हायचं नाही

चवथ (गणेश चतुर्थी) झाली की आमच्याकडे गोव्यात घरोघरी वजनकाटे पलंगाखालून बाहेर येतात. नेवऱ्या झालेल्या असतात, मोदक झालेले असतात, पाहुण्यांकडे जाऊन जाऊन पाच घरचं खाणं झालेलं असतं, मग फॅमिली ग्रुपवर कोणीतरी मोबाईलमधल्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा) २४.६, हिरवा रंग, खाली "नॉर्मल", आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे. आता हे ॲप खोटं बोलत नाही, पण बहुतेक ॲपांमध्ये जी रेघ असते ती आंतरराष्ट्रीय असते, म्हणजे २५ च्या खाली सगळं हिरवं, आणि आपल्या लोकांसाठी डॉक्टर जी रेघ वापरतात ती २३ ची आहे. त्यामुळे २४.६ हा आकडा एका हिशोबाने ठीकठाक आणि दुसऱ्या हिशोबाने "जरा बघा हं" असा आहे. नवीन माणसाचा गोंधळ इथेच सुरू होतो, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आधी हे कोणासाठी आहे ते बघा. हा हिशोब १८ वर्षांवरच्या माणसांचा. मुलांचा बीएमआय काढायची रीत तीच, पण तो वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळ्या तक्त्यावर लावतात, त्यामुळे घरातल्या बारा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या आकड्यात बसवू नका आणि त्यावरून त्याला चिडवू तर अजिबात नका. गरोदर बाईने गरोदरपणाआधीचं वजन धरायचं. पायांवर सूज असेल, पोटात पाणी झालं असेल, किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर काट्यावर पाण्याचं वजन येतं, तिथे घरचा बीएमआय काही कामाचा नाही.

पायरी पहिली: उंची. इथे घाई करू नका

लोक वजनाची एवढी काळजी करतात, चप्पल काढतील, खिशातलं पाकीट काढतील, चष्मासुद्धा काढून ठेवतील, आणि उंची मात्र कॉलेजात कधीतरी कोणीतरी मोजलेली तीच अजून सांगत असतात. बीएमआयमध्ये वजनाला उंचीने दोनदा भागायचं असतं, त्यामुळे उंचीतली चूक जवळजवळ दुप्पट होऊन बाहेर पडते. उदाहरण बघा, १६५ सेंटीमीटर उंचीच्या ६७ किलोच्या माणसाने बूट घालून मोजली आणि १६८ सांगितली तर त्याचा बीएमआय २४.६ वरून २३.७ वर येतो. म्हणजे तीन सेंटीमीटर वाढवून सांगणं हे जवळजवळ अडीच किलो वजन लपवल्यासारखंच झालं, आणि व्यायाम काही केला नाही.

तर उंची अशी मोजा. भिंत अशी शोधा की जिच्या तळाला फरशीची पट्टी बाहेर आलेली नाही, नाहीतर टाचा भिंतीला लागतच नाहीत (नव्या फ्लॅटांत ही पट्टी हमखास असते, मग दाराच्या चौकटीचा किंवा कपाटाच्या सपाट बाजूचा आधार घ्या). पायात काही नको, डोक्यावर अंबाडा नको, क्लिप नको. टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला लावायचे, नजर समोर, हनुवटी वर उचलायची नाही. मग दुसऱ्या कोणीतरी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर आडवं ठेवून भिंतीला काटकोनात दाबायचं आणि खाली पेन्सिलची खूण करायची. स्वतःच स्वतःची खूण करायला गेलात तर हात वर करताना अंग वाकडं होतं, त्यामुळे घरातलं कोणीतरी बोलवाच. जमिनीपासून खुणेपर्यंत सुताराच्या स्टीलच्या टेपने मोजा, शिंप्याची जुनी टेप ताणून लांब झालेली असते. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो, दिवसभरात पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात म्हणून, तेव्हा उगाच गोंधळ नको, उंची आणि वजन दोन्ही सकाळीच घ्या.

आता फूट-इंचाचं. आपल्याकडे सगळे उंची फुटात सांगतात आणि बिचारं कॅल्क्युलेटर इंच ओळखत नाही. पाच फूट पाच इंच म्हणजे ५.५ फूट नव्हे! ५.५ फूट म्हणजे साडेपाच फूट, म्हणजे पाच फूट सहा इंच. आणि पाच फूट दहा इंचवाल्याने ५.१० असं टाकलं की मशीन त्याला ५.१ समजतं, म्हणजे १५५ सेंटीमीटर, प्रत्यक्षात माणूस आहे १७८ चा, मग बीएमआय असा येतो की घाबरून जेवण सोडेल. सरळ रीत अशी: फुटाला ३०.४८ ने गुणा, वरच्या इंचांना २.५४ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा. पाच फूट पाच इंच = १५२.४ अधिक १२.७ = १६५.१ सेंटीमीटर. १०० ने भागलं की मीटर, १.६५.

वय झालेल्यांची उंची मात्र दर वेळी नव्याने मोजा. पाठीला बाक आला, हाडं ठिसूळ झाली की उंची कमी होते आणि बीएमआय आपोआप फुगलेला दिसतो, माईने काही जास्त खाल्लेलं नसतं.

पायरी दुसरी: वजन

सकाळी उठून, टॉयलेटला जाऊन आल्यावर, चहा-पावाच्या आधी, हलक्या कपड्यात. काटा कडक फरशीवर ठेवा. पायपुसण्यावर किंवा चटईवर ठेवलात तर काटा काहीही दाखवतो. दोन्ही पायांवर सारखं उभं राहा, खाली वाकून आकडा बघत बसू नका.

काट्यावर विश्वास नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. घरी उकड्या तांदळाची दहा किलोची बंद पिशवी असेल तर आधी स्वतःचं वजन करा, मग पिशवी कडेवर घेऊन करा, फरक दहाच्या आसपास आला पाहिजे. एखाद-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे चालेल, पण अकरा-साडेअकरा येत असेल तर तो काटा बदलायच्या लायकीचा झाला. तेही नको असेल तर गावातल्या धान्याच्या दुकानात पोत्यांचा मोठा काटा असतो, तो सरकारी शिक्क्याचा असतो, दुकानदार ओळखीचा असला तर हसतहसत उभं राहायला देतो.

रोज रोज मात्र वजन करत बसू नका. दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होणं साधी गोष्ट आहे. मे महिन्याच्या उन्हात संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळून आलात तर किलोभर वजन कमी दिसेल, ते सगळं घाम, दोन तांबे पाणी प्यायलात की परत आलं. तसंच रात्री खारं सुंगट (कोळंबी) आणि पापड झाले की सकाळी वजन जास्त दिसतं, मिठाने पाणी धरून ठेवलेलं असतं. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांत पण असंच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बस्स.

पायरी तिसरी: हिशोब

वजन किलोत घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीने भागा, जो आकडा येईल त्याला परत त्याच उंचीने भागा. संपलं. वर्ग वगैरे काढायची गरज नाही, मोबाईलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतं.

६७ भागिले १.६५, आले ४०.६. परत भागिले १.६५, आले २४.६. हाच बीएमआय.

उलटं पण करता येतं आणि मला तर हेच जास्त कामाचं वाटतं. २३ गुणिले उंची गुणिले उंची केलं की तुमच्या उंचीला २३ ची रेघ किती किलोवर पडते ते कळतं. वरच्या माणसाचं २३ × १.६५ × १.६५ म्हणजे ६२.६ किलो. म्हणजे त्याला साधारण साडेचार किलो उतरायचं आहे, पंधरा नाही. हा आकडा कळला की माणूस जरा शांत होतो.

ज्यांना कॅल्क्युलेटरचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी काही उंच्या काढून ठेवल्यात. पहिला आकडा १८.५ चा, दुसरा २३ चा, तिसरा २५ चा, सगळे किलोत:

५ फूट: ४३, ५३, ५८
५ फूट २ इंच: ४६, ५७, ६२
५ फूट ४ इंच: ४९, ६१, ६६
५ फूट ६ इंच: ५२, ६४.५, ७०
५ फूट ८ इंच: ५५, ६८.५, ७४.५
५ फूट १० इंच: ५८.५, ७२.५, ७९

पायरी चौथी: आकडा कुठल्या रेघेला लावायचा

जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीची वाटणी अशी: १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ नॉर्मल, २५ ते २९.९ जास्त वजन, ३० आणि वर लठ्ठपणा. ॲप बहुतेक हीच वापरतात. पण २००४ मध्ये याच संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी सांगितलं की आपल्यात डायबेटिस आणि हार्टचा धोका कमी बीएमआयलाच वाढायला लागतो, म्हणून २३ आणि २७.५ या आकड्यांवरही लक्ष ठेवा. मग २००९ मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी एकत्र बसून आपल्यासाठी रेघा ठरवल्या, २३ ते २४.९ म्हणजे जास्त वजन आणि २५ पासूनच लठ्ठपणा. डॉक्टरने २६ ला "ओबेस" लिहिलं म्हणून रागावू नका, त्याने काही टोमणा मारलेला नाही, तो आपला तक्ता वापरतोय.

हे आपल्यालाच का, तर त्याचं एक मस्त उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणजे काट्याच्या हिशोबाने दोघे जुळे, आतून मात्र एकाकडे दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. आपली हाडापेराने बारीक माणसं, हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, असे किती तरी जण बसस्टॉपवर उभे असलेले दिसतात ना, तेच हे.

आणि गोव्यात तर याकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा देशभराचा मोठा डायबेटिसचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला, त्यात सगळ्या राज्यांत डायबेटिसचं प्रमाण सर्वात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक. उगाच माशाच्या आमटीला दोष देऊ नका, मासे चांगलेच आहेत, पण ताटात भाताचा डोंगर, संध्याकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) गरम उंडे, वर कोल्ड्रिंक, आणि पाच मिनिटांच्या वाटेलासुद्धा स्कूटर, हे सगळं मिळून होतं.

या रेघा देवाने आखून दिलेल्या नाहीत हे पण लक्षात असू द्या. हे सूत्र मुळात १८३० च्या दशकातलं, बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले नावाच्या खगोल आणि गणिताच्या माणसाचं, त्याला लोकसंख्येतला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं, एकेका पेशंटचं निदान करायचं नव्हतं. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अमेरिकेच्या ॲन्सेल कीज यांनी दिलं. आणि अमेरिकेत १९९८ मध्ये जास्त वजनाची रेघ २५ वर आणली, त्याआधी ती २७ च्या पुढे होती, म्हणजे कित्येक लाख लोक रात्री नॉर्मल झोपले आणि सकाळी ओव्हरवेट उठले. त्यामुळे २२.९ आला म्हणून पार्टी नको आणि २३.१ आला म्हणून रडारड नको.

पायरी पाचवी: कंबर. ही सोडली तर वरचं सगळं अर्धवट

बीएमआयला चरबी आणि स्नायू यातला फरक कळत नाही, चरबी कुठे साठलीय ते तर नाहीच. समुद्रावर रापण ओढणारा किंवा जिममध्ये मन लावून व्यायाम करणारा पोरगा २६ चा निघेल आणि तो धडधाकट असेल, आणि दिवसभर खुर्चीत बसणारा २२ चा निघेल आणि त्याची शुगर वाढलेली असेल. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी जास्त त्रासाची, आणि ती बघायला टेप पुरते.

शर्ट वर करा. बरगडीचं सगळ्यात खालचं हाड बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, या दोघांच्या बरोबर मध्ये टेप आडवी गुंडाळा. पाठीमागे टेप खाली घसरलेली नाही ना ते आरशात बघा. श्वास साधा सोडा आणि तेव्हाच आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, इथे कोणी फोटो काढत नाहीये. पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर, याच्या वर गेली की आपल्या लोकांसाठी धोक्याची. इंचात म्हणाल तर साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

"माझी तर ३४ ची पँट आहे" हे उत्तर चालणार नाही. पँट पोटाच्या खाली घातलेली असते, पोट तिच्यावरून बाहेर येऊन बसलेलं असतं, आणि कंपन्या ३४ लिहून आत ३६ चं कापड देतात. बायकांचं लेग्गिंगचं इलॅस्टिक तर काय, कोणालाही हो म्हणतं.

टेपचे आकडे लक्षात राहत नसतील तर दोरीने करा. स्वतःच्या उंचीएवढी दोरी कापा, तिची घडी घालून अर्धी करा, ती कमरेभोवती आरामात पुरली पाहिजे. पुरली नाही तर कंबर उंचीच्या अर्ध्याहून जास्त आहे, म्हणजे बीएमआय कितीही छान असू दे, तपासणी करून घ्या.

मग पुढे काय

१८.५ च्या वर, २३ च्या खाली आणि कंबर पण ठीक: काही करू नका, सहा महिन्यांनी परत मोजा.

२३ च्या वर किंवा कंबर जास्त, दोन्हीतलं एक जरी असलं तरी: एकदा उपाशीपोटी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल करून घ्या. जवळच्या प्रायमरी हेल्थ सेंटरात बीपी आणि शुगर बघतात, त्यासाठी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रांग लावायची गरज नाही. उपाशीपोटीची शुगर १०० च्या खाली असली तर बरं, १०० ते १२५ म्हणजे काठावर, १२६ आणि वर आली तर परत करून डॉक्टरकडे. आईवडिलांना डायबेटिस असेल तर हे टाळू नकाच.

वजन उतरवायचं ठरवलंत तर २३ ची रेघ एकदम गाठायचा हट्ट नको. सध्याच्या वजनाच्या पाच टक्के उतरलं तरी शुगर-बीपीत फरक दिसायला लागतो, ६७ किलोवाल्याला म्हणजे सव्वातीन-साडेतीन किलो. महिन्याला दोन किलो पुरे. महिन्यात दहा किलोवाली पावडर कोणी विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

१८.५ च्या खाली असाल तर त्याला पण तितकंच मनावर घ्या. आपल्याकडे बारीक माणसाचं कौतुकच होतं, "काय मेंटेन केलंस गो" म्हणून. पण पहिल्यापासून बारीक असणं वेगळं आणि काही न करता कपडे ढिले व्हायला लागणं वेगळं. सहा महिने-वर्षभरात आपोआप पाच टक्के वजन गेलं तर, बीएमआय काही का असेना, डॉक्टरला दाखवा, त्यात थायरॉईड, शुगर, टीबी असं काहीही निघू शकतं. सत्तरीच्या पुढच्या माणसांचं वजन उतरलं की बरंच झालं असं पण समजू नका, बऱ्याचदा चरबीच्या आधी स्नायू जातात, मग जिना चढताना तोल जातो.

बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी एक करा. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवायच्या भानगडीत पडू नका, तिथे बीपी आणि रक्त पण बघतात आणि पाणी कमी झालेलं त्यात दिसतं. कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आलात त्याच आठवड्यात मोजा, म्हणजे हातात दोन-तीन महिने राहतात.

डॉक्टरकडे जाताना नुसता बीएमआय सांगू नका. कागदावर तारीख, उंची, वजन, कंबर असे चार आकडे लिहून न्या, जमलं तर मागच्या दोन-तीन वेळचे पण, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पट्टी बरोबर ठेवा, कारण स्टिरॉइड, इन्सुलिन आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. ते वाचून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, बदलायची असली तर डॉक्टर बदलून देतील.